तोडायला हलकी

ताई,

तुमच्या श्रद्धांजलीच्या फ्लेक्सचा मजकूर मीच लिहावा, असं तुमच्या घरी सगळ्यांनी मिळून ठरवलं. तुम्हाला जाऊन तेव्हा सहा दिवस झाले होते. तुमच्या भाच्यानं, सतीशनं, कच्चा मजकूर आधीच तयार ठेवला होता. कागद माझ्या हातात देत तो म्हणाला, "विद्याताई, तुम्ही फक्त एक नजर मारा." मी नजर मारली. प्रेमळ, मनमिळाऊ, धडाडीच्या, कर्तृत्ववान, दूरदर्शी, जाहिरात क्षेत्रातील अग्रणी, आणि शेवटी भावपूर्ण. मी पर्समधून लाल पेन काढला आणि एकेक करून सगळे शब्द खोडले. कागदावर तुमचं नाव राहिलं आणि सभेची वेळ.

सतीशचं तोंड बघण्यासारखं झालं. "अहो, मावशीबद्दल काहीच राहिलं नाही की यात!" मला हसू फुटलं, आणि हसता हसता रडू कधी आलं ते माझं मलाच कळलं नाही. सहा दिवसांत पहिल्यांदा रडले. तुम्ही असता तर माझ्याकडे न बघता तो कागद ओढून घेतला असता आणि म्हणाला असता, "दूरदर्शी? मला चष्म्याबिगर समोरचा माणूस दिसत न्हाई, अन् ह्यो मला दूरदर्शी करून राह्यला."

फ्लेक्सवाला तेव्हापासून फोनवर फोन करत होता. कालपर्यंत मी मजकूर दिला नव्हता. कारण तुमच्याबद्दल जे लिहायचं ते खरं लिहायचं, तर आधी मला एक गोष्ट कबूल करावी लागणार होती. ती वीस वर्षं माझ्याच्यानं तुमच्यासमोर कबूल झाली नाही. हे पत्र त्यासाठी आहे. उशिरा आहे, हे मला कळतं.

मी तुमच्याकडे आले तेव्हा बावीस वर्षांची होते. परतूरहून सकाळच्या रेल्वेनं जालन्याला उतरले, हातात पदवीचं प्रमाणपत्र आणि डब्यात भाकरी. तुमच्या ऑफिसची पाटी शोधत दोन गल्ल्या फिरले, कारण पाटीवर नुसतं 'जाहिरात' एवढंच लिहिलं होतं. मला वाटलं, नाव पुसलं गेलंय. आत येऊन तेच विचारलं. तुम्ही म्हणालात, "अख्ख्या जालन्यात दुसरं हाय का कुणाचं? मंग नाव कशाला पायजे?" आणि कुठली गं तू, असं विचारून मी परतूर म्हणताच मला कायमचं 'परतूर' करून टाकलंत. तुम्ही स्वतः वाटूरच्या. वाटूर येतं आमच्याच तालुक्यात, म्हणजे हुकूम आमचा चालायला हवा, असं मी एकदा म्हणाले तर तुम्ही म्हणालात, "तालुका तुमचा असंल, पर बस आमच्या फाट्यावरूनच वळती."

त्या काळी या धंद्यात बाई नव्हती. ते मला तुमच्याकडे आल्यावर कळलं. एका लोखंडाच्या कारखानदारानं तुम्हाला पहिल्याच भेटीत विचारलं होतं, "बाई, घरचे कुठं आहेत? त्यांना पाठवा, बोलू." तुम्ही खुर्चीवरून हललादेखील नाहीत. "घरचे घरी हायेत. जाहिरात माझ्याकडं हाय." हे तुम्ही सांगितलं नाहीत. त्या कारखानदारानंच पुढे कितीतरी वर्षं दर दिवाळीला येणाऱ्या-जाणाऱ्याला हसत सांगितलं, आणि जाहिरात दुसऱ्या कुणाकडे कधी दिली नाही.

माझी पहिली जाहिरात साडीच्या दुकानाची. मी लिहून आणलं, 'भव्य सेल, आकर्षक साड्या, अप्रतिम व्हरायटी'. तुम्ही ते वाचलंत. मग विचारलंत, "भव्य म्हंजे किती खणाचं?" लगेच पुढचा प्रश्न, "दुकान बघितलंस?" नव्हतं बघितलं. "जा. बघ. अन् तासभर बस तिथं." मी गेले, बसले, परत आले. काय दिसलं, तुम्ही विचारलंत. मी म्हणाले, काही नाही, गाद्या आहेत, साड्या आहेत, कोपऱ्यात एक माठ आहे, आणि बायका साड्या बघत असताना सोबत आलेल्या म्हाताऱ्या तिथे पाय पसरून बसतात. तुमचे डोळे चमकले. दुसऱ्या दिवशी पेपरात आलं ते एवढंच, 'लग्नाची खरेदी लांबते. आमच्याकडे आजीला बसायला गादी आहे आणि प्यायला गार पाणी आहे.' त्या लग्नसराईत त्या दुकानात उभं राहायला जागा नव्हती. मालकाला आणखी तीन माठ आणावे लागले.

तेव्हा मला वाटलं होतं, ही बाई जादूगार आहे. आता मलाही या धंद्यात इतकी वर्षं झाली, आणि अजून मला तसंच वाटतं. फरक एवढाच की जादू कुठे होती ते आता ठाऊक आहे. तुम्ही जाऊन बघायच्या. बाकी कुणी जायचं नाही. मला तर हे इतकं सोपं वाटायचं की राग यायचा. एवढ्याशा गोष्टीवर कुणी धंदा उभा करतं का?

पण उभा केलात. परतूरच्या त्या जिनिंगवाल्याचं आठवतंय? जिनिंगमधून उडणारं कापसाचं तूस शेजारच्या आळीतल्या बायकांच्या वाळवणावर बसायचं. पापडाला कापूस चिकटायचा. बायकांनी फाटकासमोर येऊन आरडाओरडा केला, बातमी होईल म्हणून मालक घाबरला आणि तुमच्याकडे आला. त्याला पेपरात अर्धं पान हवं होतं, स्वतःच्या दानधर्माचं. तुम्ही त्याला आधी भिंतीवर जाळी बसवायला लावलीत. मग एका दुपारी त्या आळीतल्या सगळ्या बायकांना फाटकाच्या आत बोलावलंत, चहा दिलात, मशीन चालवून दाखवलंत, आणि मालकाला त्याच बायकांकडून पापड विकत घ्यायला लावलेत. पंधरा दिवसांनी मालक आला. "ताई, पेपरात काय छापलं मग?" तुम्ही म्हणालात, "काहीच न्हाई छापलं. त्याचेच पैसे तुमच्याकडून घेऊन राह्यले." मी कपाटाआड तोंड दाबून हसत होते. त्या दिवशी मी ठरवलं की आपण हेच करायचं, जन्मभर.

भिंतींचं तर तुमचं वेगळंच. गावोगावी घरांच्या भिंतींवर जाहिराती रंगवायचं काम सगळेच करायचे, पण परवानगी घ्यायची ती घराच्या मालकाची. तुम्ही पुढच्या दारानं कधी गेलाच नाहीत. मागे जायच्या, चुलीपाशी. "माय, ही भित रोज तुला दिसनार हाय, त्याला न्हाई. तू सांग, रंगवू का?" बायका आधी लाजायच्या. मग सांगायच्या. एकीनं सांगितलं होतं, हिरवा रंग नको, डोळ्यांना गार वाटतो पण शेवाळ आल्यासारखं दिसतं. तुम्ही रंग बदललात. आणि प्रत्येक भिंतीच्या तळाशी, बारीक अक्षरात, आपल्या ऑफिसचा पत्ता. बाकी कुणी स्वतःचा पत्ता टाकत नसे. मी कारण विचारलं तर म्हणालात, "खोटं निघालं तर लोकायनी भांडायला कुठं जावं?"

ताई, भांडायला लोक आले. एकदाच आले. माझ्यामुळे आले.

एका बियाण्याच्या कंपनीचं मिरचीचं नवं वाण होतं. कंपनीचं म्हणणं, उत्पन्न भरपूर आहे, रंग चांगला आहे, आणि तोडणी सोपी आहे. पहिल्या दोन गोष्टी तुम्ही स्वतः शेतं फिरून बघितल्यात. तिसरी माझ्यावर सोपवलीत. "धावड्याला जा. तिथं गेल्या साली लावलं व्हतं. मालकाला विचारू नको. तोडनारीला विचार, अन् जमलं तर तूबी एक पाटी तोडून बघ." मी भोकरदनपर्यंत गेले. पुढे धावड्याची बस लागायला वेळ होता. ऊन होतं. कारण एवढंच, ताई, ऊन होतं. वीस वर्षं मी मनात यापेक्षा मोठं कारण शोधतेय आणि ते नाही. मी तिथल्या बियाण्याच्या दुकानात पंख्याखाली बसले. दुकानदारानं उसाचा रस मागवला आणि सांगितलं, "एकदम हलकी तोडणी आहे मॅडम. देठ बोटानं सुटतो. दोन दिवसांचं काम बायका एका दिवसात उरकतात." मी लिहून घेतलं आणि परतीची बस धरली.

संध्याकाळी तुमच्या टेबलावर कागद ठेवला. तुम्ही लाल पेन हातात घेऊन वाचलंत. 'तोडायला हलकी' या दोन शब्दांपाशी पेन थांबला. तुम्ही मान वर केलीत.

"बघितलंस?"

"बघितलं."

पेन बाजूला ठेवलात. माझ्या लिखाणातलं विशेषण तुम्ही पहिल्यांदाच न खोडता जाऊ दिलंत. मला अभिमान वाटला होता, ताई. खोटं बोलून अभिमान वाटला, हे मला अजूनही सांगवत नाही.

ते शब्द भोकरदन तालुक्यात भिंतीभिंतीवर गेले. तुमच्या जीपवरच्या भोंग्यातून गेले, आणि भोंग्यातला आवाज माझा होता. बियाणं खपलं. पुढच्या हंगामात तोडणी सुरू झाली, आणि एके सकाळी धावड्याच्या तीन बायका भिंतीवरचा पत्ता विचारत विचारत ऑफिसच्या दारात उभ्या राहिल्या. पुढे होती ती कौसाबाई. तिनं आत येऊन काही बोलायच्या आधी दोन्ही हात तुमच्या टेबलावर पालथे घातले, मग उलटे केले. बोटांची टोकं लाल, सालटं निघालेली, नखाच्या कडेला चिरा.

"ह्या तुमच्या हलक्या मिरचीनं केलंय," ती म्हणाली. "देठ कुठं सुटतो बोटानं? नखानं खुडावं लागतं. अन् मालक म्हनतो, भितीवर लिव्हलंय हलकी हाय म्हनून, मंग पाटीला पहिल्यावानी दर कशाला? दर उतरवला समद्यायनी. तुमीच लिव्हलं नव्हं? मंग या, तुमी तोडून दावा."

मी त्या वेळी तुमच्या उजव्या हाताला उभी होते. जाहिरात वाचून कुणी फसून बियाणं घेईल, एवढं मला कळत होतं. पण जाहिरात वाचून कुणी दुसऱ्याच्या मजुरीला हात घालील, हे माझ्या डोक्यात कधी आलंच नव्हतं. ती जाहिरात त्या बायकांसाठी नव्हतीच. फटका मात्र त्यांनाच बसला.

तुम्ही माझ्याकडे बघितलं नाहीत. विचारलंही नाहीत. फक्त म्हणालात, "येते." आणि खरंच त्यांच्यासोबत निघालात. मलाही जीपमध्ये बसवलंत. धावड्याला जाऊन तुम्ही पदर खोचलात आणि एक अख्खी ओळ तोडलीत, पन्नाशीची बाई, वाकून, आमच्यादेखत. मी बांधावर वही घेऊन उभी राहिले. मला तुम्ही 'ये' म्हणाला नाहीत, आणि मी आपणहून गेले नाही. ओळ संपल्यावर तुम्ही कंबर सरळ केलीत, हातांकडे बघितलंत आणि म्हणालात, "बराबर बोलते कौसा."

मग जे केलंत ते मी दुसऱ्या कुणाला करताना आजवर बघितलेलं नाही. ज्या ज्या गावात आमची जीप गेली होती, त्या प्रत्येक गावात तीच जीप, तोच भोंगा. फक्त आवाज तुमचा. "ऐका हो ऐका. मी जालन्याची प्रमिला. मिरची तोडायला हलकी हाय असं मी भितीवर लिव्हलं. ते मी न बघता लिव्हलं. आता बघितलं. हलकी न्हाई. माझ्या चुकीपायी बायांचा दर उतरवू नका." पार चावडीपासून शेवटच्या वस्तीपर्यंत. मागून दोन माणसं भिंती पांढऱ्या करत येत होती. माणसं पारावरून उठून बघत होती. कुणी हसलं, कुणी शिव्या दिल्या. एक म्हातारा म्हणाला, "इलेक्शनवाले बी असं कधी म्हनले न्हाईत बाई."

दुसऱ्या गावाच्या वेशीत तुम्ही माईक माझ्यासमोर धरलात. नुसता धरलात. मी त्या माईककडे बघितलं आणि मग जीपच्या बाहेर, कडुनिंबाकडे. तुम्ही दहा आकडे मोजता येतील एवढं थांबलात. मग माईक परत आपल्या तोंडाशी नेलात आणि म्हणालात, "ते मी न बघता लिव्हलं."

मी. मी. मी. प्रत्येक गावात तुम्ही 'मी' म्हणालात, आणि तुमच्या शेजारी मी बसले होते.

कंपनी अर्थातच गेली. त्यांच्या साहेबांनी ऑफिसात येऊन जो तमाशा केला तो अर्ध्या गल्लीनं ऐकला. तुम्ही त्यांना पाणी दिलंत. दोन-तीन आणखी बियाणंवाले घाबरून सरकले. तोडणीचा दर काही मालकांनी पुन्हा पहिल्यासारखा केला, काहींनी नाही. सगळ्यांनी केला असं तुम्ही कधीही कुणाला सांगितलं नाहीत. गोष्ट रंगवून सांगायला लोक तुम्हाला व्याख्यानांना बोलवायचे, आणि तुम्ही तिथेही म्हणायच्या, "काहींनी केला, काहींनी न्हाई." टाळ्या अर्ध्यावर थांबायच्या. मला तुमचा तेव्हा इतका राग यायचा, आणि इतका आदर वाटायचा, की कुठलं कुठे संपतं ते कळायचं नाही.

मी आणखी चार वर्षं तुमच्याकडे राहिले. मग भांडून निघाले. भांडण काय, तर तुमच्या पद्धतीनं आता कुणी धंदा करू शकत नाही. बघायला वेळ कुणाला आहे? मी म्हणाले, "ताई, जग जल्दी चाललंय." तुम्ही म्हणालात, "चालू दे की. आपुन हाताला येईल तेवढंच लिहू." मी म्हणाले, उपाशी मराल. तुम्ही म्हणालात, "तू जेव." तुम्ही ते चिडून म्हणालात की प्रेमानं, यावर मी माझ्या नवऱ्याशी किती वेळा वाद घातलाय! आता विचारायला तुम्ही नाहीत. माझं ऑफिस चांगलं चाललं. मोबाईलवरच्या जाहिराती, दहा शब्द, त्यातली सात विशेषणं. एखादा शब्द लिहिताना आतून कुणीतरी विचारायचं, बघितलंस? मी आवाज बंद करायची आणि पुढे जायची.

तीन महिन्यांपूर्वी तुम्ही अंथरूण धरलंत तेव्हा मी भेटायला आले. सांगायचं ठरवूनच आले होते. तुम्ही माझा मोबाईल मागितलात, माझ्या जाहिराती बघितल्यात, आणि काचेवरच्या एकेका शब्दावर नखानं रेघ मारत गेलात. 'खोडलं तरी जात न्हाई की गं हे,' असं म्हणून हसलात, आणि खोकला आला. मी पाणी दिलं. मग तुम्ही विचारलंत, "काही सांगायचं व्हतं?"

"नाही ताई. सहज आले होते."

तुम्ही मान हलवलीत. मला निघताना अंगणातली दोन लिंबं दिलीत. ती माझ्या फ्रीजमध्ये वाळून दगड झालीत. टाकवत नाहीत.

फ्लेक्सवरचे शब्द खोडल्यावर मी दोन रात्री नीट झोपले नाही. काल सकाळी सतीशला म्हणाले, सभेचा निरोप मी देते, नुसत्या फ्लेक्सवर नाही, भोंग्यावरही. रिक्षा ठरवली, भोंगा बांधला, आणि भोकरदन मागे टाकून सरळ धावड्याला गेले. या वेळी ऊन नव्हतं. असतं तरी गेले असते, असं म्हणायला मला आवडेल, पण ते मी बघितलेलं नाही.

धावड्याच्या चौकात रिक्षा थांबवली. आधी तुमच्या सभेचा निरोप दिला. मग माईक हातातच राहिला. समोर किराणा दुकान, शाळेतून सुटलेली पोरं, भाजीचं गाठोडं घेऊन बसची वाट बघणाऱ्या बायका. मी म्हणाले, "वीस वर्षांपूर्वी या गावात भिंतीवर लिहिलं होतं, मिरची तोडायला हलकी. प्रमिलाताई इथे येऊन म्हणाल्या होत्या की ते त्यांनी न बघता लिहिलं. त्यांनी नाही लिहिलं. मी लिहिलं. मला बघायला पाठवलं होतं आणि मी आले नव्हते. त्यांना मी खोटं सांगितलं. माझं नाव विद्या, परतूरची."

काही झालं नाही, ताई. आभाळ कोसळलं नाही. पोरं माझ्याकडे बघत होती, त्यांचा तेव्हा जन्मही नव्हता. एका बाईनं दुसरीला विचारलं, "काय म्हनती ही?" तेवढ्यात दुकानाच्या ओट्यावरून एक म्हातारी उठली. केस पांढरे, कंबर वाकलेली, पण हात मी लगेच ओळखले. कौसाबाई.

ती जवळ आली आणि मला वर-खाली बघून म्हणाली, "तूच व्हय ती? बांधावर वही घिऊन हुभी व्हतीस ती?"

मी हो म्हणाले.

"मला म्हाईत व्हतं, कुनी आल्तंच न्हाई आमाला इचारायला. त्याच दिशी मी सांगाया गेल्ते प्रमिलाबाईला, का हिकडं कोनबी बघाया आलं न्हवतं. तर बाईनं माझ्या तोंडावर हात ठिवला. तसलाच, मिरचीनं जळका हात. म्हनली, राहू दे कौसा. ते तिचं ती सांगल."

मी रिक्षाच्या दांडीला धरलं. म्हणजे वेशीत माईक धरलात तेव्हा तुम्हाला ठाऊक होतं. त्या चार वर्षांत रोज ठाऊक होतं, माझ्या भांडणाच्या दिवशी ठाऊक होतं, आणि 'काही सांगायचं व्हतं?' विचारलंत तेव्हाही. वीस वर्षं तुम्ही एक शब्द न बोलता माझी वाट बघितलीत. मला रागवायचा तुम्हाला पूर्ण हक्क होता, तो वापरला नाहीत. माझं मी सांगावं एवढीच तुमची अट होती, आणि मी तुमच्यामागे सांगितलं. याचं मला जन्मभर वाईट वाटेल. त्यावर औषध नाही. पण कुणी माझ्यावर एवढा विश्वास ठेवला होता, हे कळल्यावर मी त्या चौकात उभी राहून ओक्साबोक्शी रडले, आणि कौसाबाईनं मला रडू दिलं.

मग तिनं पदरानं माझं तोंड पुसलं, थोडं जोरातच, आणि म्हणाली, "झालं का रडून? चल आता. सुनेची तोडनी चालू हाय. तवा ऱ्हाईलं त्ये आता बघ."

ते वाण आता कुणी लावत नाही. पण मिरचीच ती. वावरात चिखल होता, चप्पल बांधावर काढली. कौसाबाईच्या सुनेनं मला पाटी दिली आणि शेजारची ओळ दाखवली. मी वाकले. अर्ध्या ओळीत कंबर भरून आली. ओळ संपेस्तोवर बोटं चुरचुरायला लागली होती. पाटी पुरी भरली नाही. सुनेच्या तोवर तीन झाल्या होत्या. कौसाबाईनं बांधावर बसून माझ्या हातांना तेल चोळलं, मग ताकात बुडवून ठेवायला लावले. "रातच्याला जास्ती होतंय," ती म्हणाली, "डोळ्याला लावू नको."

परत येताना चौकातून फ्लेक्सवाल्याला फोन लावला. मोबाईल धरवत नव्हता, रिक्षावाल्यानं कानाशी धरला. मजकूर सांगितला. 'प्रमिलाताई. आधी बघायच्या, मग लिहायच्या.' खाली सभेची वेळ, आणि तळाशी, बारीक अक्षरात, माझ्या ऑफिसचा पत्ता. तो म्हणाला, "मॅडम, एवढंच? जागा लई उरती." मी म्हणाले, उरू दे.

आता सकाळ आहे आणि मी हे पेनानं लिहितेय, कारण काचेवर बोट टेकवत नाही. तुमच्या टेबलावर मी एक कागद ठेवला होता, ताई. त्यातले दोन शब्द आज मी स्वतः खोडते आणि तुम्ही मागितली होतीत ती माहिती देते, उशिरा का होईना. देठ बोटानं सुटत नाही, नखानं खुडावा लागतो. कंबर आधी भरते, हात नंतर जळतात. ताकानं थोडा वेळ बरं वाटतं, पुरतं नाही. सगळ्यात जास्त आग उजव्या अंगठ्याची होते, आणि दुसऱ्या दिवशीही थांबत नाही.

बघितलं, ताई.

तुमची,
परतूर